चेहरे लक्षात राहत नाहीत? सुरुवात कुठून करायची

लग्नाच्या हॉलमध्ये कोणीतरी दोन्ही हात धरतं, तोंडभर हसतं आणि विचारतं, “ओळखलंस का?” बहुतेकांना हा प्रश्न लाडाचा वाटतो. काहींच्या मात्र पोटात गोळा येतो. समोरचं नाक, डोळे, टिकली, सगळं स्वच्छ दिसत असतं. पण ही नात्यातली काकू, जुनी शेजारीण की कॉलेजातली मैत्रीण, याचा काही केल्या पत्ता लागत नाही. हा लेख त्या काहींसाठी आहे. मीही त्यांच्यातलीच, जन्मापासूनची.

डॉक्टरी भाषेत याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात, आपल्याकडे चेहरा-अंधत्व किंवा सरळ फेस ब्लाइंडनेस. डोळ्यांत दोष नसतो, बुद्धीतही नसतो. इतरांना चेहरा एका नजरेत अख्खा कळतो. आपल्याला त्याचे सुटे भाग दिसतात, पण त्यांचा ‘अमुक माणूस’ होत नाही. धनगराला कळपातली प्रत्येक मेंढी वेगळी दिसते, आपल्याला सगळ्या मेंढ्या सारख्याच. चेहरा-अंधत्वात माणसांच्या बाबतीत तसंच होतं. निकष किती कडक लावले त्यावर आकडा हलतो, पण दर शंभरात साधारण १ ते ३ जणांना हे असतं असे अंदाज आहेत. म्हणजे तीनशे माणसांच्या सोसायटीत तीन ते नऊ जण निघतील आणि त्यातल्या बहुतेकांना सोसायटी शिष्ट समजत असेल.

पायरी १ : नक्की काय अडतंय ते वेगळं करा

इथे तीन गोष्टींची सरमिसळ होते. चेहरा कोणाचा हे कळणं ही एक. त्या माणसाचं नाव आठवणं ही दुसरी. आणि चेहऱ्यावरचा भाव वाचता येणं ही तिसरी.

“चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय, नाव ओठांवर आहे पण येत नाही” हे चेहरा-अंधत्व नव्हे. ते सगळ्यांचंच होतं, वयाबरोबर जास्त होतं. आपल्या बाबतीत चेहरा पाहिल्यासारखाच वाटत नाही. नाव सांगितलं की मात्र त्या माणसाचं सगळं आठवतं: त्याच्या मुलाची दहावी, वडिलांचं ऑपरेशन, मागच्या भेटीत खाल्लेली मिसळ.

भाव वाचणं हा तर निराळाच कप्पा आहे. ब्रूस आणि यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच मांडलं की ‘हा कोण’ आणि ‘याला काय वाटतंय’ ही कामं मेंदू वेगवेगळ्या वाटांनी करतो. ओळखीच्या कामात मेंदूच्या खालच्या बाजूचा, कानशिलाच्या आतल्या अंगाचा एक पट्टा पुढे असतो, विशेषतः उजवीकडचा. हलते भाव आणि नजरेची दिशा यांचं काम त्याच्या बरंच वरच्या एका घडीत चालतं. दोन वाटा पूर्ण तुटक नाहीत, पण एक बंद असताना दुसरी चालू असू शकते. मला समोरची बाई रागावली आहे हे दारातूनच कळतं. ती कोण, ते कळत नाही. याच्या उलटही माणसं असतात. त्यांना प्रत्येक चेहरा लक्षात राहतो, पण बायको रुसली आहे हे तिने सांगितल्याशिवाय समजत नाही. तुमचं अडतंय ते माणूस ओळखण्याचं असेल तर पायरी ४ आणि ५ वर वेळ घालवा. भाव वाचण्याचं असेल तर थेट सहावीकडे गेलात तरी चालेल.

पायरी २ : अचानक सुरू झालं असेल तर वाचणं थांबवा

कालपर्यंत माणसं ओळखू येत होती आणि आज येत नाहीत, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की असं होऊ शकतं. सोबत एका बाजूचं दिसेनासं होणं, रंग फिके वाटणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं हेही असू शकतं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे ‘उद्या सकाळी दाखवू’ नको. डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूज्वरानंतरही ही अडचण उरू शकते. हे नावच मुळात अशा रुग्णांवरून पडलं. १९४७ मध्ये जर्मन न्यूरॉलॉजिस्ट योआखिम बोडामर याने ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्यात डोक्यात गोळी लागलेला एक तरुण सैनिक होता. त्याला घरचे लोक चेहऱ्याने ओळखू येत नव्हते, आरशातला स्वतःचा चेहराही नाही.

घरातल्या वयस्कर माणसाला हळूहळू माणसं ओळखू येईनाशी झाली तर ते ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि “ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी घरात आली आहे” असं कोणी ठामपणे म्हणू लागलं तर ते चेहरा-अंधत्व नाही. तिथे चेहरा ओळखला जातो, पण त्यासोबत येणारी आपलेपणाची जाणीव येत नाही. त्याला कॅपग्राचा भ्रम म्हणतात. वाद घालून तो जात नाही, मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांचीही गरज लागते.

यापुढचं सगळं जन्मापासून असलेल्यांसाठी आहे.

पायरी ३ : घरच्या घरी तपासा

जन्मापासूनचं असेल तर कळायला फार उशीर लागतो, कारण दुसरं कसं दिसतं ते आपल्याला माहीतच नसतं. काही खुणा सांगते. मालिकेत दोन सारख्या केसांच्या नायिका असतील तर कथा हातातून सुटते. युद्धपट तर नकोच, सगळे गणवेशात. सोसायटीचा वॉचमन रविवारी साध्या शर्टात भाजीमार्केटमध्ये भेटला की तो अनोळखी होतो. गाठीभेटीत कोणी चष्मा काढला किंवा मिशी उडवली की नव्याने सुरुवात. शाळेच्या ग्रुप फोटोत स्वतःला शोधताना आधी फ्रॉक शोधता, मग चेहरा. यातलं एखाद-दुसरं कोणालाही लागू पडेल, पण सगळंच आणि लहानपणापासून लागू असेल तर पुढे जा.

इंटरनेटवर चाचण्या मिळतात. केंब्रिज फेस मेमरी टेस्ट ही २००६ पासूनची, संशोधकांमध्ये सर्वांत वापरातली. पीआय-२० ही वीस विधानांची प्रश्नावली, प्रत्येकाला १ ते ५ गुण. दोन्ही करून बघायला हरकत नाही, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चाचणीतले चेहरे बहुधा गोऱ्या युरोपीय पुरुषांचे असतात आणि ज्या वंशाचे चेहरे आपण लहानपणापासून पाहिले नाहीत ते ओळखणं कोणालाही जड जातं. साताऱ्यात वाढलेल्या माणसाचे गुण त्यामुळे उगाच खाली येऊ शकतात. प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे दाखवणाऱ्या परदेशी चाचण्या तर आपल्या कामाच्याच नाहीत. अमेरिकेतला बातम्या वाचणारा मला ओळखू आला नाही, यात माझ्या मेंदूचा काय दोष?

त्यापेक्षा ही घरगुती चाचणी जास्त सांगून जाते. भावाला किंवा मैत्रिणीला वीसेक फोटो जमवायला सांगा. अर्धे तुमच्या नेहमीच्या नात्यातले, अर्धे तुम्ही कधी न पाहिलेले, पण वयाने आणि ठेवणीने तसेच. प्रत्येक फोटो असा कापायचा की केस, कान, गळ्यातलं आणि मागची भिंत काहीच उरणार नाही. फक्त भुवयांपासून हनुवटीपर्यंत. दागिने आणि चष्मेवाले फोटो बाद. आता एकेक बघा, हवा तितका वेळ घ्या आणि नाव सांगायचा हट्ट धरू नका. “ही कराडची, जिचा मुलगा नेव्हीत आहे” एवढं सांगता आलं तरी ओळख पटली असं धरायचं. नाव विसरणं आणि चेहरा न ओळखणं इथे आपोआप वेगळं होतं. सख्ख्या मावशीच्या फोटोवर तुम्ही “अनोळखी” म्हणालात आणि अनोळखी बाईवर “बहुतेक मावशी”, तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

कागदावर निदान हवं असेल तर आधी डोळे तपासून घ्या, मग न्यूरॉलॉजिस्ट आणि त्यांच्यामार्फत न्यूरोसायकॉलॉजिस्ट गाठा. बंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थेत मेंदूच्या अशा कामांची चाचणी करणारा स्वतंत्र विभाग आहे. पण कशाला जायचं हे आधी ठरवा. जन्मजात चेहरा-अंधत्वावर औषध नाही. सरावाने थोडी सुधारणा झाल्याचे प्रयोग आहेत, ‘बरं झालं’ म्हणावं असं काही नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत याचं नाव नाही, त्यामुळे नुसत्या निदानाच्या कागदावर प्रमाणपत्र मिळेल ही आशा नको. मला विचाराल तर, मनाची खात्री पटण्यासाठी किंवा ऑफिसला दाखवण्यासाठी निदान घ्यावं, इलाजाच्या अपेक्षेने नाही.

पायरी ४ : चेहऱ्याचा नाद सोडा

“नीट बघ म्हणजे लक्षात राहील” हा सल्ला सगळे देतात आणि तो निरुपयोगी आहे. त्याऐवजी जे तुम्हाला कळतं त्याची पद्धतशीर नोंद ठेवा.

आवाज सर्वांत भरवशाचा. त्यातही मराठी माणसं बोलण्यात फार माग सोडतात. कोल्हापूरचा सहकारी दुसऱ्याच वाक्यात ‘काय मर्दा’ म्हणतो, नागपूरची वहिनी ‘काहून’ म्हणते, आणि प्रत्येकाचं एक पालुपद असतं: ‘बरं का’, ‘म्हणजे कसंय’, ‘नाही, पण तरी’. ते पकडा. मग चाल: पाऊल कसं पडतं, कोणता खांदा झुकतो, हात मागे बांधून चालतात का. मग न बदलणाऱ्या खुणा: कानाची पाळी, दातांमधली फट, तीळ, हाताची बोटं. केस, चष्मा, दाढी, कपडे शेवटी ठेवा. ते ओळखायला सोपे असतात आणि ऐन वेळी दगा देतात.

माझ्या फोनमध्ये प्रत्येक नंबरखाली दोन ओळी असतात. एक नोंद अशी: “लेखा विभाग. उंच. डावा खांदा खाली. हसण्याआधी नाक ओढतात. पेन शर्टाच्या खिशात उलटं. लिफ्टमध्ये कधीच नाही, जिन्याने येतात.” यात चेहऱ्याविषयी एक अक्षर नाही, आणि जिन्यात ते समोरून आले की मी बिनधास्त “नमस्कार सर” म्हणते. नवीन ओळख झाली की पहिल्या दहा मिनिटांत नोंद करा. रात्री करू म्हटलं की ते राहूनच जातं.

आता मराठीतली एक खास पंचाईत. समोरचा कोण हे कळेपर्यंत ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, ‘अगं’ की ‘अहो’? पहिल्या क्रियापदातच पितळ उघडं पडतं. यावर उपाय म्हणजे ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ न लागणारी वाक्यं तयार ठेवायची. “कधी येणं झालं?” “काय, बरं चाललंय ना सगळं?” “घरी कसे आहेत सगळे?” “जेवण झालं का?” यांतून मान-अपमान काही होत नाही आणि समोरचा बोलायला लागतो. त्याला बोलू द्या. दोन-तीन वाक्यांत आवाज, गाव, नातं यातलं काहीतरी हाती लागतंच. पोरांची नावं मात्र आपण होऊन घेऊ नका, चुकीच्या बाईला चुकीचा मुलगा चिकटतो.

जागा आणि वेळ यांचाही आधार घ्या. कोणाला भेटायचं असेल तर आधी जाऊन बसा, म्हणजे ओळखण्याचं काम येणाऱ्यावर पडतं. स्टेशनवर भेटायचं असेल तर “इंडिकेटरखाली उभी राहते, हिरवी ओढणी” असं आपणच कळवायचं, आणि पोचल्यावर फोन लावायचा. ज्याचा फोन वाजेल तो आपला माणूस. मीटिंगमध्ये कोण कुठे बसलं त्याचा छोटा आराखडा वहीच्या कोपऱ्यात काढा. ऑनलाइन मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या चौकटीखाली नाव असतं, तिथे आपणही इतरांच्या बरोबरीचे.

सर्वांत अवघड प्रसंग हळदीकुंकवाचा. सगळ्या काठापदरात, सगळ्यांच्या अंबाड्यावर गजरे, सगळ्यांच्या नाकात नथ, आणि दहाजणी एकदम बोलत असल्याने आवाजही हाती लागत नाही. तिथे एकटीने जाऊ नका. कोणालातरी बरोबर घ्या, जी वाटेत हळूच म्हणेल, “समोरून नणंद येतेय, जांभळी साडी.” गणवेशातल्या ठिकाणीही अशीच सोबत लागते.

पायरी ५ : सांगून टाका

वरच्या युक्त्या चालतात, पण त्यांनी माणूस दमतो. दिवसभर प्रत्येक भेटीत गुप्तहेरासारखं वागायचं आणि शेवटी ‘आखडू आहे, ओळख दाखवत नाही’ हे ऐकायचंच. माझं स्पष्ट मत आहे की घरच्यांना, जवळच्या मित्रमंडळींना आणि रोजच्या सहकाऱ्यांना सांगावं. दोन वाक्यांत सांगावं, रडगाणं नको: “मला चेहरे लक्षात राहत नाहीत, मेंदूची जन्मापासूनची ठेवण तशी आहे. भेटल्यावर आधी नाव सांगितलंत तर बरं पडेल.”

यावर हमखास उत्तर येईल, “अगं, माझंही तसंच आहे!” त्यांना नावं विसरण्याबद्दल म्हणायचं असतं. तेव्हा फक्त एक उदाहरण द्यायचं: “मी माझ्या बहिणीला एअरपोर्टवर तिने हाक मारल्याशिवाय ओळखत नाही.” बहुतेक तिथेच गप्प होतात. नामांकित माणसांचा दाखलाही कामी येतो. मुंबईची अभिनेत्री शहनाज ट्रेझरीवाला हिने २०२२ मध्ये आपल्याला हे असल्याचं जाहीर सांगितलं. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांना आयुष्यभर होतं. आरशातल्या स्वतःलाच दुसरा कोणी दाढीवाला समजून त्यांनी माफी मागितल्याचं ते सांगत. चित्रकार चक क्लोज यांनाही होतं, आणि त्यांनी जन्मभर भिंतीएवढे चेहरेच रंगवले. चेहरा सपाट कागदावर उतरला की तो त्यांच्या लक्षात राहायचा.

नवी नोकरी लागली तर पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगा. बँकेचं काउंटर, शाळा, दवाखाना अशा जागी माणूस न ओळखण्याचा अर्थ लोक लगेच वाईट लावतात. तिथे उशिरा सांगितलेलं सबबीसारखं दिसतं.

घरच्यांसाठी एवढंच: परीक्षा घेऊ नका. “सांग बघू मी कोण” हा खेळ एकालाच गंमतीचा असतो. खांद्यावर हात ठेवून “मी सुमन, धाकट्या आत्याची” म्हणायला दोन सेकंद लागतात.

पायरी ६ : भाव वाचायला अडत असेल तर

चेहरा-अंधत्व असलेल्या बहुतेकांना हसू, राग, रडू व्यवस्थित कळतं. ज्यांना कळत नाही त्यांची कारणं वेगळी असू शकतात. ऑटिझम असलेल्या काहींना जड जातं. काहींना स्वतःच्याच भावनांना नाव देता येत नाही, मग दुसऱ्याच्या कशा वाचणार?

एका रुग्णाची गोष्ट इथे कामाची आहे. संशोधनात तिला एसएम एवढ्याच नावाने ओळखतात. एका दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतल्या अमिग्डला या बदामाएवढ्या दोन्ही गाठी निकामी झाल्या. तिला माणसं ओळखू येत, पण चेहऱ्यावरची भीती कळत नसे, असं १९९४ मध्ये नोंदलं गेलं. २००५ मध्ये कारण सापडलं: ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. “डोळ्यांकडे बघ” असं मुद्दाम सांगितलं की तिला भीती ओळखता येई. सांगायचं थांबवलं की पुन्हा पहिलंच.

म्हणून सराव कुठे बघायचं याचा करा. आनंद तोंडाजवळ लवकर दिसतो. भीती डोळ्यांत. राग भुवयांत, त्या खाली येऊन एकमेकींकडे ओढल्या जातात. किळस नाकाशी, मुळाजवळ चुण्या पडतात. राग आणि किळस यांची गल्लत फार होते, तेव्हा नाक बघा. भीती आणि आश्चर्य यांचीही होते. डोळे दोन्हींत मोठे होतात, पण आश्चर्यात भुवया कमानीसारख्या वर जातात आणि जबडा सैल पडतो, भीतीत भुवया वर जाऊन आक्रसतात आणि ओठ बाजूंना ताणले जातात.

मराठी मालिका आवाज बंद करून दोन मिनिटं बघा, कोणाला काय वाटतंय ते लिहा, मग आवाज लावून पडताळा. मालिकांतली सासू एकेक भाव तीन कॅमेऱ्यांतून तीनदा दाखवते, नवशिक्याला याहून सोपी शाळा नाही. जमायला लागलं की मुलाखतींकडे वळा. तिथे चेहरे खरे असतात, म्हणजे अर्धवट. खऱ्या माणसांचे भाव पुस्तकातल्या सहा खान्यांत बसत नाहीत. माणूस रागात हसतो, आनंदात रडतो, आणि पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा स्नायू आखडल्याने कोरा दिसतो, मनात काहीही असो. म्हणून चेहऱ्याला आवाजाची आणि प्रसंगाची जोड द्या. ‘ठीक आहे’ हे घरातल्या माणसाने कोणत्या सुरात म्हटलं ते त्याच्या भुवयांपेक्षा जास्त सांगतं. तरीही शंका राहिली तर विचारा: “तू चिडला आहेस असं मला वाटतंय, बरोबर का?” याने क्वचितच कोणी जास्त चिडतं.

डोळ्यांच्या फोटोंवरून मनातलं ओळखायची ३६ चित्रांची एक चाचणी फिरत असते. तिच्यात शब्दांचं ज्ञानही तपासलं जातं. गुण कमी आले म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पायरी ७ : मूल असेल तर

जन्मजात चेहरा-अंधत्व पुष्कळदा एकाच घरात अनेकांना असतं, त्यामुळे स्वतःचं कळल्यावर मुलांकडेही बघा. आईने केस कापले की बावरणारं, मधल्या सुट्टीत एकटंच उभं राहणारं, वर्गात बोलकं पण मैदानावर मुकं होणारं मूल लाजाळूच असेल असं नाही. शाळेत बाईंना सांगून बाकाची जागा कायम ठेवायला सांगा, शेजारचं मूल बदलू नका. खास मित्राच्या दप्तराला किंवा बाटलीला ओळखू येईल अशी खूण असू द्या.

आणि सुरक्षिततेचं आजच करून टाका. असं मूल अनोळखी माणसाबरोबर निघून जाऊ शकतं, किंवा बाबांनाच घाबरून पळू शकतं. घरचा एक परवलीचा शब्द ठरवा, मूल विसरणार नाही असा आणि बाहेरच्याला सुचणार नाही असा. शाळेतून न्यायला येणाऱ्याने, मग ती आजी असली तरी, आधी तो शब्द म्हणायचा. व्हॅनवाल्या काकांनाही हे सांगून ठेवा. आणि शब्द बाहेर कोणाला कळला की त्याच दिवशी बदला.